२८ कप्प्यांचा गोळ्यांचा डबा, सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, हा डबा आठवण करून देत नाही. ना त्यात घंटा आहे ना लाइट. साधा प्लॅस्टिकचा डबा, सात वारांच्या सात डब्या एका ट्रेमधे बसवलेल्या आणि प्रत्येक डबीत चार कप्पे, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र. ऑनलाइन ३४९ रुपयांना मिळाला. तरी गेल्या दोन-तीन वर्षांत घरात आलेल्या वस्तूंमधे सगळ्यात कामाची हीच निघाली, आणि मी घेण्याआधी जे रिव्ह्यू वाचले त्यात लोक "क्वालिटी छान, कलर छान" लिहून मोकळे झाले होते, कोणाला घेतला, कशासाठी घेतला, काय फरक पडला काहीच नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. आईबाबा सत्तरीच्या पुढचे आणि आपण दुसरीकडे राहतो अशांनी तरी वाचा.

माझे आईबाबा नागपुरात मानेवाड्याला राहतात, मी प्रतापनगरला. बाबा ७३ वर्षांचे. रेल्वेत गार्ड होते, २०२२ पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात पण आमच्या घरी गार्डच. स्मरणशक्ती म्हणाल तर आजही त्यांना झोपेतून उठवून विचारा, नागपूर सोडलं की कळमेश्वर, काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, घोडाडोंगरी, इटारसी, आणि मधली छोटी स्टेशनंसुद्धा, कुठल्या साली कुठल्या स्टेशनवर मालगाडी किती तास उभी राहिली होती तेपण. त्यामुळे त्यांना कोणी म्हटलं की बाबा तुम्ही विसरता, तर राग येणारच. आणि ते खरंच विसरत नव्हते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

झालं असं की मे महिन्यात, ऊन ४५ च्या वर, सकाळी कुलरचा पंप बंद पडला म्हणून मेकॅनिक आलेला. बाबा त्याच्याजवळ उभे. साडेनऊला आत आले, हातात पाण्याचा ग्लास, आणि आईला विचारलं, "अगं, मी बीपीची गोळी घेतली का?" आई पूजेला बसलेली, ती म्हणे, "मला काय माहीत, मी पूजा करून राहिली ना." बाबांनी विचार केला, राहून गेली तर काय घ्या, आणि घेतली. ती दुसरी होती. पहिली चहाबरोबर घेऊन झालेली. दुपारी बाराच्या सुमारास उठून उभे राहिले तर चक्कर, भिंत धरून खाली बसले. मी धावत गेले, घरच्या मशीनवर वरचा आकडा ९२. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी झोपवून ठेवायला सांगितलं, दर अर्ध्या तासाने बीपी पाहायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत ठीक झालं सगळं. पण ती दुपार मी विसरणार नाही. डॉक्टरांनी नंतर एकच गोष्ट दोनदा सांगितली, की घेतली का नाही अशी शंका आली तर अंदाजाने दुसरी घ्यायची नाही, मला फोन करायचा.

तेव्हापासून मी या विषयावर वाचत गेले आणि माझा समज पार बदलला. आपण "विसरणं" म्हटलं की एकच समजतो, काम करायचं लक्षात न राहणं. बाबांना गोळी घ्यायची बरोबर आठवत होती! घेतली हे आठवत नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज तीच वेळ, तोच ग्लास, तीच पांढरी गोळी, तीच खुर्ची, मग आजची आठवण कालच्या आठवणीपासून वेगळी राहायला तिच्यात वेगळं असं काय असतं? काहीच नाही. सगळे दिवस एकावर एक बसतात. पांढुर्ण्याला गाडी उभी राहिली ती एकदाच, म्हणून ती चाळीस वर्षं राहिली. गोळी वर्षातून ३६५ वेळा, म्हणून एकही राहत नाही. वर आणखी एक भानगड, गोळी घ्यायची आहे असा विचार मनात येऊन गेला तरी थोड्या वेळाने तो विचार आणि खरंच घेतलेली गोळी यातला फरक पुसट होतो. आपण घराला कुलूप लावून वर्धा रोडपर्यंत जातो आणि गाडी थांबवून म्हणतो लावलं का रे कुलूप, गॅस बंद केला का, ते हेच. म्हातारपण लागत नाही त्याला, माझं चाळिशीत होतं.

म्हणून डबा घेताना माझी परीक्षा एकच होती, "घेतली का?" या प्रश्नाचं उत्तर घरातल्या कोणालाही, कोणाला न विचारता मिळालं पाहिजे.

पहिला डबा मी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतला, एका सर्जिकलच्या दुकानातून, ९० रुपये, सात वारांचे सात कप्पे एका पट्टीत. तो घेऊ नका. म्हणजे ज्यांची दिवसाला एकच गोळी आहे त्यांना ठीक आहे, पण बाबांच्या तीन वेळा आहेत आणि एका कप्प्यात सकाळ-रात्र सगळं एकत्र पडलं की संध्याकाळी उरलेल्या दोन गोळ्यांतली कुठली कधीची हा नवाच प्रश्न. शिवाय त्याची झाकणं इतकी ढिली की अमरावतीला लग्नाला जाताना बॅगेत उघडली आणि बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सगळी खिचडी. ती आम्ही सरळ फेकून दिली कारण दोन गोळ्या जवळपास सारख्या दिसत होत्या.

मग हा २८ वाला. याची झाकणं टक् आवाज करून बसतात. वरून पारदर्शक आहेत त्यामुळे न उघडता दिसतं आत गोळी आहे का नाही. प्रत्येक वाराचा रंग वेगळा आणि त्या वाराची डबी ट्रेमधून सुटी निघते, बाहेर जायचं असलं की तेवढी एक खिशात टाकायची. बाबांच्या शर्टाच्या खिशात बसते. आम्ही घरात एक नियम केला, गोळी घेतली की झाकण लावायचं नाही, दिवसभर उघडंच ठेवायचं. उघडं झाकण म्हणजे घेतली. आई पूजेतून मान वळवून सांगू शकते. आता हे वाचायला अगदी साधं वाटेल पण मला विचाराल तर ३४९ रुपयांतले तीनशे याच एका गोष्टीचे आहेत.

याच्याआधी काय काय करून पाहिलं तेही सांगते. मोबाइलचा अलार्म लावला होता, सकाळी ८, दुपारी १, रात्री ९. अलार्म वाजतो तेव्हा बाबा एकतर संडासात नाहीतर गेटवर भाजीवाल्याशी बोलत, ते हातानं बंद करतात आणि "घेतो" म्हणतात, आणि बंद केल्याबरोबर डोक्यातून काम झाल्यासारखं निघून जातं. वेळेवर बांधलेलं काम लक्षात ठेवणं कठीण असतं कारण घड्याळाकडे पाहायची आठवण आपली आपल्यालाच ठेवावी लागते. कामाला काम बांधलं तर सोपं जातं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मधे यावर लिहिलंय, "अमुक झालं की तमुक करायचं" असं आधीच पक्कं ठरवून ठेवलं की माणूस ते काम जास्त वेळा खरंच करतो. मग आम्ही ८ वाजता हा शब्दच काढून टाकला. नाश्त्याचे पोहे ताटलीत पडले की सकाळचा कप्पा. दुपारी वरण-भात वाढला की दुपारचा. रात्री गेटला कुलूप लावून आलं की रात्रीचा. संध्याकाळचा कप्पा रिकामाच असतो. बाबांची शुगरची गोळी जेवणासोबतच घ्यायची आहे त्यामुळे तेही बरोबर जुळलं.

कॅलेंडरवर टिकमार्क करूनही पाहिलं. आईच्या कॅलेंडरवर दूध किती, सिलेंडर कधी लावला, कामवाली कधी आली नाही सगळं असतं, तिथेच कोपऱ्यात बाबांनी खूण करायची. तीन दिवसांतच लक्षात आलं की बाबा खूण आधी करतात आणि गोळी घ्यायला जातात, आणि मधे फोन आला की खूण असते गोळी नसते. डब्यात तसं होऊच शकत नाही. रिकामा कप्पा खोटं बोलत नाही. (कोणी गोळी खाली पाडली तर वेगळं, ते एकदा झालंय, सोफ्याखाली सापडली.)

बाबांना पटवणं हेच मोठं काम होतं. पहिल्या दिवशी डबा पाहून म्हणाले, "हे पेशंटचं सामान कशाला आणून राहिली, मी काय पेशंट आहे?" मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांना विचारलं की बाबा, तुम्ही ड्युटीवर असताना प्रत्येक स्टेशनची वेळ वहीत का लिहायचे, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ होतं. तर म्हणाले, "तोंडपाठ असून काय उपयोग बेटा, चौकशी लागली की लिहिलेलंच धरतात. गाडी कधी आली, कधी सुटली, काहून थांबली, तिथल्या तिथे लिहायचं, नंतर आठवून लिहिलेलं गार्डचं काम नाही." आणि एवढं बोलून स्वतःच डब्याकडे पाहिलं. त्या रविवारी त्यांनी तो स्वतः भरला, चष्मा लावून, प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून. तेव्हापासून तेच भरतात. मी सांगून जे झालं नसतं ते त्यांच्या नोकरीनं केलं.

सवय लागायला मात्र वेळ लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, त्यात नवी सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले होते, पण कोणाला १८ आणि कोणाला २५४ इतका फरक. आमच्याकडे जूनमधे डबा आला आणि पोळ्यापर्यंत गेलं. जुलैमधे अधूनमधून कप्पे भरलेलेच सापडायचे. मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझा लेक लाकडी बैल सजवून आजोबांकडे गेला, घरात पोरांची ही गर्दी, बोजारा (पोरांना द्यायचा खाऊ-पैसे) वाटणं चाललेलं, मी संध्याकाळी पाहिलं तर सकाळ आणि दुपार दोन्ही झाकणं उघडी. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच आईला मिठी मारली, तिला कळेना काय झालं.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे वार आणि वेळ इंग्रजीत छापलेत, "मॉर्न, नून, ईव्ह, बेड". आईला "बेड" म्हणजे खाटेवर बसून घ्यायची वाटलं, आणि तिची काही चूक नाही. मी पांढरी मेडिकलची चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं सोम सकाळ, सोम दुपार असं लिहिलं. इतके डबे भारतात विकतात तर मराठी-हिंदीत छापायला काय जातं? चार महिन्यांत मूळची छपाई तशीही घासून गेली, माझी चिकटपट्टी टिकली.

दुसरी, कप्पे लहान आहेत. शुगरची मोठी गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र टाकली की झाकण नीट बसत नाही. आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला झाकण नखानं उचलावं लागतं आणि ते दुखतं. ज्यांच्या हातात जोर नाही त्यांनी दाबून उघडणाऱ्या बटणाचा डबा शोधा, महाग असतो पण घ्या.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. याला लहान मुलांसाठी कुलूप वगैरे काही नाही. रंगीत आहे, खुळखुळतो, माझा चार वर्षांचा लेक पहिल्याच दिवशी त्याला खेळणं समजून घेऊन चालला होता. तो जाणार असला की डबा आधीच कपाटावर जातो, आणि बाबांना तो दिसावा म्हणून टेबलावर ठेवायचा असतो, हे दोन्ही एकत्र जमत नाही. नातवंडं घरातच राहत असतील तर मी म्हणेन हा डबा घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणि सगळ्या गोळ्या डब्यात टाकायच्या नसतात, हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नव्हतं. आमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्या दादांना मी सगळी यादी दाखवली तेव्हा कळलं. हार्टवाल्यांची जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या मूळ बाटलीतच ठेवायची असते. फिट्सच्या काही गोळ्या, व्हॅल्प्रोएटच्या, हवेतली ओल ओढतात, त्या स्ट्रिपमधून काढून ठेवायच्या नाहीत. आईची थायरॉइडची गोळीपण उष्णता आणि उजेड सहन करत नाही, ती आम्ही बाटलीतच ठेवतो. तिच्यासाठी आईनं स्वतःचं डोकं चालवलं, सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी गोळी घेतली की बाटली उलटी उभी करून ठेवते, झोपताना सुलटी. मला ही युक्ती डब्याइतकीच आवडते आणि तिला पैसे लागत नाहीत. तिची कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायची असते, तेही आधी कोणी सांगितलं नव्हतं, दोन्ही ती सकाळी एकदमच घेत होती. तिच्या कॅल्शियमला आता दुपारचा कप्पा आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. बऱ्याच स्ट्रिपवर २५ नाहीतर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेमधे पंख्याखालीसुद्धा घर तापलेलं असतं, आणि कुलरसमोर ठेवलं तर ओलसर हवा. म्हणून डबा कुलरच्या हवेत नाही, खिडकीत नाही, गॅसजवळ तर नाहीच. आम्ही आतल्या खोलीकडच्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवतो आणि एका वेळी एकाच आठवड्याचा भरतो, पुढचा साठा स्ट्रिपमधेच. दोन डबे घेऊन दोन आठवड्यांचं भरून ठेवायचा मोह होतो, पण नका करू.

स्ट्रिपवरून आठवलं, भरून झाल्यावर स्ट्रिप फेकू नका. एका दुकानात (हे आमचे दादा नाहीत, दुसरं) दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापून दिल्या आणि नाव, तारीख असलेलं टोक त्यांच्याकडेच राहिलं. डब्यातल्या सुट्या गोळीवर तर काहीच लिहिलेलं नसतं. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं कुठली गोळी, तर आपण काय "ती गुलाबी" म्हणणार का? मी प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स ट्रेच्या खाली घडी करून ठेवलीय, आणि डॉक्टरांनी डोस बदलला की त्याच दिवशी उरलेले सगळे कप्पे रिकामे करून पुन्हा भरायचे. ऑगस्टमधे एकदा बदल झाला आणि आम्ही रविवारपर्यंत थांबणार होतो, मग बाबाच म्हणाले जुनं टाइमटेबल लावून गाडी चालवत नाहीत.

माझ्या मावशीला पण मी असाच डबा घेऊन दिला, तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. तिच्यासाठी सात वार वेगळे दिसतात हेच खरं संरक्षण आहे, कारण ती गोळी फक्त रविवारच्या कप्प्यात असते आणि बाकी सहा दिवस शोधली तरी मिळत नाही. पण तो डबा भरताना मी किंवा तिचा मुलगा समोर असतोच. चुकीचा भरलेला डबा म्हणजे एकच चूक सात वेळा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात लिहिलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जवळपास निम्मेच पेशंट औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आपण घरातल्या म्हाताऱ्यांना "तुम्ही लक्षच देत नाही" म्हणून ओरडतो ना, मीपण ओरडले आहे, त्या मे महिन्यातसुद्धा, ते भिंतीला टेकून बसलेले असताना. त्याचं मला वाईट वाटतं. लक्ष देऊन होणारं कामच नव्हतं ते.

स्टार द्यायचे तर चार. एक इंग्रजी लेबल आणि लहान कप्प्यांचा कापला. एकटे राहणारे आणि रोज दोनपेक्षा जास्त वेळा गोळ्या असणारे, त्यांनी नक्की घ्यावा. ज्यांना तारीख-वारच कळेनासा झालाय अशांच्या हाती मात्र हा एकटा सोडू नये, तिथे कप्पा उघडून देणारं माणूसच लागतं.

मी आधी रोज रात्री साडेनऊला बाबांना फोन करायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, गोळी घेतली?" आणि त्यांचं ठरलेलं, "हो घेतली ना", आवाज थोडा चिडलेला, आणि मग दोघांनाही पुढे बोलायला काही उरायचं नाही. आता आई झाकण उघडलेल्या डबीचा फोटो टाकते, मी पाहते, फोन नंतर करते. काल केला तर बाबांनी उचलल्या उचलल्या सांगायला सुरुवात केली की काटोलकडून त्यांचे जुने मित्र आले होते, आंबिया बहाराची संत्री घेऊन, पोतंभर, आणि अर्धी तुझ्याकडे पाठवायची आहेत, पिशवी घेऊन ये.